वाचकांचे प्रश्न : यंत्र जुनंच राहू द्या, ठोका तेवढा नवा द्या

मागच्या अंकात पत्त्या उलटून आकडे दाखवणाऱ्या जुन्या घड्याळांबद्दल मी थोडं लिहिलं होतं. काटे नाहीत, दिवे नाहीत. मिनिट झालं की वरची पत्ती खाली पडते आणि पुढचा आकडा समोर येतो. त्यावर कोकणातूनच इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देते आहे. रत्नागिरीत माझ्या टेबलावर अशी घड्याळं अधूनमधून येतात. खाली जे सांगितलं आहे ते त्या टेबलावर करून पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझ्या थोरल्या भावाने अलंगच्या, म्हणजे गुजरातेत जुनी जहाजं मोडतात तिथल्या, जुन्या सामानाच्या बाजारातून एक घड्याळ आणलं आहे. दीड-दोन हात लांब लोखंडी पेटी, काळ्या पत्त्यांवर पांढरे आकडे, चोवीस तासांचं. मागे फक्त दोन तारा आणि '२४ व्होल्ट' एवढंच लिहिलेलं. इथल्या वायरमनने बॅटऱ्या जोडून पाहिल्या. एकदा टक् झालं, एक पत्ती पडली, मग कितीही वेळा तार टेकवली तरी काही नाही. तो म्हणतो, आतलं सगळं काढू आणि एलईडीचा डिस्प्ले बसवू. आम्हाला ते होमस्टेच्या ओटीवर लावायचं आहे, चतुर्थीला चाकरमानी यायच्या आत. हे खरंच चालू होईल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : होईल. आणि तुमच्या वायरमनने जे पाहिलं, ते घड्याळ बिघडल्याचं नाही, धडधाकट असल्याचं लक्षण आहे.

आधी सावधगिरीचं सांगते. त्या दोन तारा चुकूनही घरच्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका. आतली कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते, ती तत्क्षणी जळेल, आणि तसलं वाइंडिंग पुन्हा करून देणारा माणूस शोधायला तुम्हाला मुंबई गाठावी लागेल.

हे घड्याळ स्वतः वेळ मोजतच नाही. जहाजावर, रेल्वे स्थानकावर, मोठ्या कारखान्यात एक मुख्य घड्याळ असायचं. ते दर मिनिटाला तारेतून २४ व्होल्टची एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा ठोका, सोडायचं, आणि त्या तारेवरची सगळी घड्याळं एकदमच एक मिनिट पुढे सरकायची. जहाजावर याचा फार उपयोग, कारण रेखांश ओलांडला की वेळ बदलते आणि मग एकाच जागेवरून सगळ्या जहाजाची घड्याळं हलवता येतात. तुमच्याकडे आलंय ते या साखळीतलं शेवटचं घड्याळ. हुकूम देणारं मुख्य घड्याळ मागेच राहिलं. त्याच्या जागी आजची इलेक्ट्रॉनिक्स बसवायची, एवढंच आपलं काम. आतलं काहीही उपटून काढायचं कारण नाही.

आता ते 'एकदाच टक्' का? या घड्याळाच्या कॉइलला प्रत्येक मिनिटाला उलट दिशेची पल्स लागते. एका मिनिटाला पहिली तार धन, दुसरी ऋण. पुढच्या मिनिटाला त्याच्या उलट. आतला लोहचुंबक एका दिशेच्या पल्सने एकीकडे वळतो आणि तिथेच थांबतो. त्याच दिशेची पल्स पुन्हा दिली तर तो जागचा हलत नाही. ज्यांनी ही रचना केली त्यांनी ते मुद्दाम केलं आहे. तारेचा सांधा खरखरला आणि एका पल्सच्या तीन झाल्या, तरी घड्याळ एकच मिनिट सरकतं. तुमच्या वायरमनने दर वेळी तारा तशाच टेकवल्या असणार.

म्हणून पहिली परीक्षा अशी घ्या. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडा, २७ व्होल्ट होतात, तेवढे चालतात. एक सेकंद टेकवा, सोडा, तारांची अदलाबदल करा, पुन्हा एक सेकंद टेकवा. दर खेपेला एक पत्ती पडली तर यंत्र शाबूत आहे. काहीच झालं नाही तर मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. माझ्याकडे आलेल्या अशा एका घड्याळाची कॉइल ६०० ओहम भरली, म्हणजे २४ व्होल्टवर ४० मिलिअँपिअर. तुमची याच्या आसपास किंवा थोडी जास्त निघेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली म्हणून लगेच हळहळू नका. जिथे बारीक तार जाड टोकाला डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली असते ती जागा भिंगाखाली बघा. खाऱ्या हवेत तिथेच हिरवट गंज चढतो आणि तार नेमकी तिथेच तुटते. एखादा वेढा सोडवून, वरचा इनॅमलचा लेप हलक्या हाताने खरवडून नवा डाग दिला की कॉइल पुन्हा बोलते.

यंत्र उघडाल तेव्हा एक पत्ती नीट निरखून बघा. तिच्या पुढच्या अंगावर एका आकड्याचा वरचा अर्धा भाग असतो आणि मागच्या अंगावर पुढच्या आकड्याचा खालचा अर्धा. म्हणजे '७'चं डोकं असलेली पत्ती पडली की तिच्या पाठीवरचे '८'चे पाय समोर येतात, आणि ती जिथे होती तिथे मागच्या पत्तीवरचं '८'चं डोकं आधीच वाट बघत असतं. वरच्या कडेला एक बारीक स्प्रिंगची जीभ पत्तीला अडवून धरते. पत्त्या ज्यावर बसवलेल्या असतात तो ढोल पुरेसा फिरला की पत्ती जिभेखालून सुटते. ही जीभ कधीही वाकवू नका. ती अर्ध्या मिलिमीटरने जरी सरकली तरी दोन पत्त्या एकदम पडायला लागतात. ही रचना जगभर पोचवली ती इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीने. वास्तुविशारद जिनो वाल्ले यांनी घडवलेल्या त्यांच्या 'चिफ्रा ५' या घड्याळाला १९५६ साली 'कोम्पासो दोरो' हा इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला. तुमच्या पेटीवर नाव कुणाचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण नाव कुठलंही असलं तरी इतक्या विचारानं केलेलं यंत्र काढून तिथे लाल दिवे लावणं मला पटत नाही.

साफसफाई. पेटीत सगळ्यात आधी कुंभारमाशीची घरं शोधा. आपल्याकडे बंद पडून राहिलेल्या प्रत्येक पेटीत ती असतात, आणि माती नेमकी दातेरी चाकांच्या खोबणीत भरलेली असते. सुक्या ब्रशने आणि लाकडी काडीने काढा, पाणी लावून चिखल करू नका. पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ, तेही बघून घ्या. पत्त्या प्लॅस्टिकच्या, वर छपाई. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांतलं काहीही त्यांना लागू देऊ नका, आकडे पुसले जातील. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ कापड पिळून घ्या, आणि आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा. पत्त्यांच्या बिजागरीला तेल अजिबात नको. तेलावर धूळ बसते, पावसाळ्यात तिचा चिकटा होतो, आणि पत्ती अर्ध्यावर लटकते. दातेरी चाकांच्या आसाला घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने, एवढंच. गंज सोडवायचा स्प्रे तर यंत्राच्या आसपासही आणू नका. तो आत्ता सैल करतो आणि वर्षभराने गोंदासारखा घट्ट होतो.

आता इलेक्ट्रॉनिक्स. चार वस्तू लागतात : वेळ सांभाळणारी चिप, विचार करणारा कंट्रोलर, दिशा उलटवणारा ड्रायव्हर आणि २४ व्होल्ट.

वेळेसाठी डीएस ३२३१ घ्या. स्वस्तातली डीएस १३०७ नको. दोन्हींत सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक वापरतात, पण तापमान बदललं की त्याची चाल बदलते. डीएस ३२३१ स्वतःचं तापमान मोजून ती चूक सुधारते. शून्य ते चाळीस अंशांपर्यंत तिची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. कौलाखालच्या ओटीवर मे महिन्याच्या दुपारी आणि पौषातल्या पहाटे किती फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको.

कंट्रोलर म्हणून आर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड पुरे. ड्रायव्हरला एल २९३ डी ही चिप : तिला ३६ व्होल्टपर्यंत चालतात, आणि कॉइल बंद होताना जो उलटा झटका येतो तो जिरवणारे डायोड तिच्या पोटातच आहेत. पल्स एक सेकंदाची द्या आणि ती संपली की ड्रायव्हर चालू-बंद करणारी एनेबल पिन बंद करा. कॉइलला दोन पल्सच्या मध्ये वीज मिळता कामा नये, नाहीतर ती तापत राहील. २४ व्होल्टसाठी मी राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेते आणि पुढे एमटी ३६०८चा बूस्ट मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज चढवणारा छोटा बोर्ड. त्या मॉड्यूलचा निळा स्क्रू कितीतरी फेरे फिरवला तरी व्होल्टेज हलत नाही, मग अचानक चढायला लागतं. म्हणून घड्याळ जोडण्याआधी मीटर लावून २४वर आणून ठेवा. त्याला २८च्या वर चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे, आणि बहुतेक लोक इथेच अडतात. पत्त्यांवर काय दिसतंय हे घड्याळ कंट्रोलरला सांगू शकत नाही. लाईट गेली, दोन तासांनी आली. चिपला खरी वेळ ठाऊक आहे, पण पत्त्या कुठे थांबल्या होत्या? ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं. नॅनोच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहावं असं कुणालाही वाटेल. पण त्या मेमरीची एक जागा एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दिवसाला १,४४० मिनिटं, म्हणजे सत्तर दिवसांत ती हमी संपली. गणपतीत लावलेलं घड्याळ दिवाळीनंतर कधीही दगा देऊ शकतं.

मी ते डीएस ३२३१च्याच आत ठेवते. तिच्यात गजराच्या वेळा ठेवायच्या काही जागा असतात. आपल्याला गजर नको, तेव्हा त्या रिकाम्याच आहेत. पत्त्यांवरचा तास आणि मिनिट तिथे लिहायचे. लाईट नसताना ही जागा नाण्याएवढ्या सेलवर जिवंत राहते आणि कितीही वेळा लिहिलं तरी झिजत नाही. पल्सची दिशा वेगळी लक्षात ठेवायची गरजच नाही : सम मिनिट दाखवायचं असेल तर एक दिशा, विषम असेल तर दुसरी. पहिल्यांदा चालू करताना घड्याळाने पहिली पल्स गिळली तर तारांची अदलाबदल करा, की जुळलं.

आणि इथे त्या जुन्या रचनेचा मोठेपणा दिसतो. समजा नेमकी पल्स चालू असताना लाईट गेली. पत्ती पडली की नाही? कंट्रोलरला माहीत नाही. पण आकडा पल्स पूर्ण झाल्यावरच लिहायचा, असं ठरवलं असेल तर लाईट आल्यावर तो तीच पल्स पुन्हा देईल. पत्ती आधीच पडली असेल तर त्याच दिशेच्या दुसऱ्या पल्सने ती हलणार नाही. पडली नसेल तर आता पडेल. दोन्हीकडून हिशेब बरोबर. अनेक दशकांपूर्वी खरखरणाऱ्या सांध्यासाठी केलेली सोय आज आपल्या वीजकपातीला उपयोगी पडते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

मागे पडलेलं घड्याळ गाठायला भरभर पल्स द्यायच्या : एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. पत्त्या २:१० वर अडकल्या आणि खरी वेळ ५:४० असेल तर २१० पल्स, म्हणजे सात मिनिटं, आणि तेवढ्यात पुढे गेलेल्या वेळेच्या आणखी सात. ओटीवर बसून ते बघायला मुलांना फार आवडतं. घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे असेल तर मात्र त्याला चोवीस तास फिरवू नका. गप्प थांबायचं, वेळ त्याला येऊन गाठते. पत्त्या मागे फिरत नाहीत, हाताने फिरवायचा प्रयत्नही नको.

गाडी ५९ वरून ०० ला जाताना अडत असेल तर तिथे नीट बघा. त्या एका पल्सला मिनिटाचा ढोल तासाचा ढोलही ओढत असतो, म्हणून जोर जास्त लागतो. बूस्ट मॉड्यूलचे व्होल्ट त्या क्षणी पडतात का ते मोजा. पडत नसतील तर आसावर जुनं तेल वाळलेलं आहे. तासाच्या ढोलाला स्वतंत्र कॉइल असलेली घड्याळंही असतात, पण तुमच्याकडे दोनच तारा आहेत, तेव्हा तुमचं तसं नाही.

सर्किट पेटीच्या आत बसवू नका. वेगळ्या छोट्या डबीत ठेवा आणि मूळच्या दोन तारांना कनेक्टरने जोडा. पेटीला भोक पाडायचं नाही, मूळ तार कापायची नाही. उद्या कुणाला याहून चांगलं काही सुचलं तर त्याला घड्याळ जसंच्या तसं मिळायला हवं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर कोटिंगचा स्प्रे मारा. कनेक्टर, बटणं आणि सेलची जागा आधी चिकटपट्टीने झाका. डबीत सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की सादळले असं समजा आणि गरम करून पुन्हा वापरा, पण त्यासाठी भाकरीचा तवा घेऊ नका. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते पोटात जाता उपयोगी नाही.

मृगाच्या आधीच्या गडगडाटात आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा. यूपीएसवर घड्याळ चालत राहील.

प्रश्न : काका बोटीवर होते. त्यांनी जपानहून आणलेलं टेबलावरचं पत्त्यांचं घड्याळ आईने जपून ठेवलं आहे. खाली '१०० व्होल्ट' लिहिलंय, म्हणून मी छोटा ट्रान्सफॉर्मर लावला. चालतं, पण दर तासाला बरोबर दहा मिनिटं मागे पडतं. तीन ठिकाणी दाखवलं, सगळे म्हणतात मोटर म्हातारी झाली. – एक वाचक, गुहागर

उत्तर : मोटर म्हातारी झाली असती तर ती कधी पाच मिनिटं मागे पडली असती, कधी पंधरा. बरोबर दहा म्हणजे हा हिशेबाचा मामला आहे. त्यातली मोटर सिंक्रोनस जातीची, ती विजेच्या आवर्तनांना बांधलेली असते; व्होल्ट कमी-जास्त झाले तरी तिचा वेग बदलत नाही. तुमचं घड्याळ ६० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांसाठी, केलेलं आहे आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ. साठातले पन्नास, म्हणजे तासाची पन्नास मिनिटं.

जपानात दोन्ही आहेत. १८९०च्या दशकात तोक्योने जर्मनीहून ५० हर्ट्झची जनित्रं मागवली आणि ओसाकाने अमेरिकेहून ६०ची, ती फूट आजतागायत टिकून आहे. काकांची बोट कोबे किंवा ओसाकाला लागली असेल. आता घड्याळ उलटं करून तळाशी किंवा मागे ५०/६० असा छोटा खटका आहे का बघा. बऱ्याच जपानी घड्याळांना असतो. असेल तर काम तिथेच झालं.

नसेल तर मोटर बदलू नका, तिला तिची ६० हर्ट्झ द्या. बाजारात मिळणारी स्टेपर मोटर आत कोंबण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. १२ व्होल्टचा अडॅप्टर, दोन मॉस्फेट (विजेचे इलेक्ट्रॉनिक खटके) आणि २४-०-२४चा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा लावायचा; १२ व्होल्टवरून साधारण १०० ते ११५ व्होल्ट निघतात, आणि अशा मोटरला दोन-तीन वॉटच लागतात. मॉस्फेटना आळीपाळीने उघडायचं काम नॅनो करेल. पण नॅनोच्या स्वतःच्या चालीवर विसंबू नका. त्याच्या बऱ्याच बोर्डांवर स्फटिकाऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाते, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. डीएस ३२३१ दर सेकंदाला एक खूण देते, त्या खुणेला धरून दर सेकंदात नेमकी ६० आवर्तनं मोजून काढायची. असं केलेलं घड्याळ भिंतीतल्या विजेवरच्या घड्याळापेक्षाही नेमकं चालतं. आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झची मुभा आहे, दिवसभर ४९.९०वर राहिली तर सिंक्रोनस घड्याळ जवळजवळ तीन मिनिटं मागे पडेल.

शंभर व्होल्टही जीव घेतात. ही जोडणी ज्याचा हात बसलेला आहे अशा माणसाकडून करून घ्या, फ्यूज घाला, आणि पहिल्यांदा तासभर चालवून मोटरला प्लग काढून हात लावून बघा. कोमट असावी, चटका बसता कामा नये.

प्रश्न : २२ जुलै २०२१च्या पुरात दुकानातलं पत्त्यांचं घड्याळ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं. वाळवून पोत्यात बांधून ठेवलं ते आजतागायत. काही आशा? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्या पुरातल्या वस्तू माझ्याकडेही आल्या होत्या. तो गाळ पिठासारखा बारीक, आणि वाळला की सिमेंट. म्हणून आधी चालवून बघायचा मोह टाळा. त्या गाळात चाक फिरवलं की दाते घासले गेलेच. पत्त्यांचा ढोल अख्खा बाहेर काढा, पत्त्या सुट्या करू नका, त्यांचा क्रम चुकला तर पुन्हा लावताना दिवस जातो. ढोल डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, गाळ आपोआप सुटेपर्यंत पाणी बदलत राहा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसलं की सावलीत वाळवा. उन्हात नाही, पत्त्या वाकतात. पितळी चाकं साफ होतात. लोखंडी आस खोल गंजला असेल तर लेथवाल्याकडून स्टेनलेसचा नवा करून घ्या, त्याला हरकत नाही. आत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर असेल तर ती मेगरवर, म्हणजे इन्शुलेशन मोजायच्या मीटरवर, ५०० व्होल्टला तपासल्याशिवाय प्लगला लावायची नाही. सुकलेली दिसली तरी वाइंडिंगच्या आत ओल राहते. कॉइल गेली असली तरी ढोल आणि पत्त्या टाकू नका. नवीन कॉइल होऊ शकते, तशा छपाईच्या पत्त्या पुन्हा मिळत नाहीत.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे. आमच्या शाळेच्या जुन्या घड्याळासाठी ईएसपी ३२ हा वायफायवाला कंट्रोलर वापरून इंटरनेटवरून वेळ घ्यावी असा विचार आहे. मग वेगळी चिप कशाला? – एक वाचक, देवगड

उत्तर : कारण जुलैमध्ये लाईट जाते, तिच्या मागोमाग टॉवर जातो, आणि मुलं तरीही शाळेत येतात. चिप मालक, इंटरनेट सल्लागार, असं ठेव. जोडणी असेल तेव्हा वेळ घेऊन चिप सुधारायची, नसेल तेव्हा चिपवर चालायचं. प्रोग्राममध्ये भारताचा फरक १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. उन्हाळी वेळेची भानगड आपल्याकडे नाही. जिथे नेट नाहीच तिथे निओ ६ एमचा जीपीएस मॉड्यूल लाव. अँटेनाला आकाश दिसायला हवं, पत्र्याखाली ठेवलीस तर काही मिळणार नाही.

शाळेचं घड्याळ आहे म्हणून एक सुचवते. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि कोकण किनारा ७३च्या जवळपास. अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सदतीस-अडतीस मिनिटं मागे. रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२:३७ला. फेब्रुवारीच्या मध्याला १२:५० होतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२०च. भारतीय प्रमाणवेळ १९०६ला सुरू झाली तरी मुंबईने ३९ मिनिटं मागची आपली 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत सोडली नव्हती. पत्त्या दुरुस्त झाल्या की मुलांना अंगणात काठी रोवायला लाव आणि सावली सगळ्यात आखूड कधी होते ते त्याच घड्याळावर बघायला सांग.

प्रश्न : ताई, डीएस ३२३१चा मॉड्यूल लावला, वर्षाच्या आत सेल फुगला. नवा घातला, तोही फुगतोय. मॉड्यूल खराब का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : मॉड्यूल बरा आहे, सेल बरा आहे, जोडी चुकीची आहे. बाजारातल्या त्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. ते एलआयआर २०३२ या रिचार्जेबल सेलसाठी. आपण घालतो सीआर २०३२, जो चार्ज करायचा नसतो, आणि पाच व्होल्टवर तो दिवसरात्र चार्ज होत राहतो. फुगलेला सेल आजच काढा. मग सेलकडे जाणाऱ्या वाटेवर काचेच्या डायोडशेजारी '२०१' छापलेला बारीक रेझिस्टर दिसेल, २०० ओहमचा. तो डाग सोडवून काढून टाका. चार्जिंग बंद होतं आणि लाईट गेल्यावर सेलवरून चिप चालणं तसंच राहतं. सेल बदलताना मुख्य वीज चालू ठेवा, म्हणजे वेळ आणि पत्त्यांचा आकडा दोन्ही जागच्या जागी राहतील. सेलची पकड पिवळसर-हिरवी पडली असेल तर व्हिनेगर लावलेल्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने, आणि नवा सेल बसवण्याआधी मीटरवर तीन व्होल्ट दिसतात का ते बघा.